तेरा खुर्च्यांची वही

राज्यपालांच्या पत्नी वारल्याचं ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी दुपारी चारला त्यांच्या हातून एका वाचनालयाचं उद्घाटन व्हायचं होतं. सचिवांनी फोन करून बातमी दिली. पलीकडचे गृहस्थ हळूच म्हणाले, "फार वाईट झालं. मग फीत?"

सचिवांनी नियमांचं पुस्तक काढलं. राज्यपालांच्या पत्नीने काय करायचं, कुठे उभं राहायचं, कुठल्या दारातून यायचं, सगळं त्यात होतं. ती नसेल तर काय करायचं, ते पान नव्हतं. राज्यपालांनाही तेच पान हवं होतं.

दीड महिन्यानं चहापानाचा प्रश्न आला. बाई दर महिन्याला शहरातल्या बारा मोठ्या माणसांना चहाला बोलवत. तेरा खुर्च्यांची एक रांग असे. मधली राज्यपालांची, बाकीच्या ज्याच्या त्याच्या ठरलेल्या. राज्यपाल मुख्य दारातून येत, सगळ्यांना मिळून एक नमस्कार करत आणि बसत. बाई रिवाजाप्रमाणे बागेकडच्या दारातून येत आणि एकेकाशी बोलत रांगेच्या दुसऱ्या टोकाला जात. बोलणं हे त्यांचं खातं होतं.

"बंद करू या, साहेब," सचिव म्हणाले. "बाई नाहीत. लोक समजून घेतील."

"तिनं सुरू केलंय ते. एकदा मी करून बघतो. नाहीच जमलं तर करा बंद."

बाईंच्या टेबलाच्या खणात एक लहान वही सापडली. एक ते तेरा आकडे, आणि प्रत्येकापुढे कुणाला काय विचारायचं त्याची एखादी ओळ. नावं नव्हती. राज्यपालांना हायसं वाटलं. एकतीस वर्षांच्या संसारात बाईंचं काही चुकलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं.

चहाच्या दिवशी ते वही घेऊन मुख्य दारातून आत आले. पहिल्या खुर्चीपुढे पोलीसप्रमुख ताठ उभे होते. राज्यपालांनी वही पाहिली.

"काय, नातवाला दात आले का?"

पोलीसप्रमुखांनी लग्न केलेलं नव्हतं. हे राज्यपाल सोडून सगळ्यांना माहीत होतं. पण वरिष्ठांना 'नाही' म्हणायची त्यांना सवय नव्हती.

"माहिती घेऊन कळवतो, साहेब."

दुसऱ्या खुर्चीपाशी मुख्य न्यायाधीश होते. "पुन्हा सुरू केलंत म्हणे," राज्यपाल म्हणाले. "सोडून द्या. तब्येतीला चांगलं नाही."

न्यायाधीशांचा चेहरा उतरला. "कुणी सांगितलं तुम्हाला?" त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "सोडतो. आजपासून."

राज्यपालांना हुरूप आला. मधली खुर्ची त्यांची स्वतःचीच, म्हणून ती ओळ न वाचता ते पुढे गेले. बाराव्या खुर्चीपाशी वर्तमानपत्राचे संपादक होते. वय जेमतेम चाळीस.

"निवृत्तीनंतर काय करायचं ठरवलंय?"

संपादकांनी हातातली बशी खाली ठेवली. तेराव्या खुर्चीपाशी ग्रंथपालबाई होत्या. "तो चोर सापडला का हो शेवटी?" राज्यपालांनी आपुलकीनं विचारलं. ग्रंथपालबाईंनी उद्या सकाळपर्यंतची मुदत मागितली.

"छान झालं," राज्यपाल रात्री जेवताना सचिवांना म्हणाले. "लोक जरा कमी बोलतात, एवढंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत सचिवांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. ग्रंथपालबाईंकडून चौदा पुस्तकं आली होती. सोबत चिठ्ठी होती: "वाचून परत करणारच होते." न्यायाधीशांच्या पत्नीचा फोन आला. "काय जादू केलीत भाऊ? डॉक्टर सांगून थकले. हे चोरून मिठाई खायचे, आज चहासुद्धा बिनसाखरेचा घेतलाय." पोलीसप्रमुखांचा अहवाल शिपाई घेऊन आला: "सदर नातू अद्याप आढळून आलेला नाही. शोध चालू आहे." आणि संपादक बाहेरच्या बाकावर बसून होते. त्यांनी कचेरीतला खण रिकामा केला होता.

"माझं चुकलं काय ते तरी सांगा," ते म्हणाले.

राज्यपालांनी वही पुढून वाचली, मागून वाचली. "तिची वही चुकणार नाही हो," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. शेवटी दारापाशी उभा असलेला म्हातारा दरवान खाकरला. तीन वर्षं बाईंसाठी बागेकडचं दार त्यानेच उघडलं होतं.

"साहेब, बाई त्या टोकाकडून मोजायच्या. त्यांची पहिली खुर्ची म्हणजे तुमची तेरावी."

राज्यपालांनी बोटांवर मोजलं. नातू ग्रंथपालबाईंचा. सिगारेट संपादकांची. निवृत्ती न्यायाधीशांची. चोर पोलीसप्रमुखांचा.

"काल बोलला का नाहीस?"

"मला कुणी विचारलं नाही, साहेब. बाई विचारायच्या."

संपादकांची समजूत घालून त्यांना कचेरीत पाठवलं. जाताना त्यांनी बाहेर सिगारेट पेटवली, खिडकीत राज्यपाल दिसले तशी विझवली.

"बाराही जणांना माफीची पत्रं लिहितो," सचिव म्हणाले. "आणि चहापान..."

"बंद करा. नाही जमलं मला."

सचिव घुटमळले. "तसं कसं करता येईल, साहेब? पुढची तारीख सगळ्यांनी विचारलीय. पोलीसप्रमुखांनी दोनदा. तीन वर्षांत तुम्ही त्यांच्याशी पहिल्यांदाच बोललात, म्हणे."

राज्यपालांनी वही मिटली. "मग पुढच्या वेळी मी बागेकडच्या दारानं येईन."

"ते नियमात बसत नाही."

"मग नियमाला राहू दे उभं."

दरवान अजून तिथेच होता. "साहेब, मधली सातवी खुर्ची कुठूनही मोजली तरी सातवीच येते."

राज्यपालांनी चष्मा लावला आणि सातवी ओळ काढली. "गुडघा. दुखतो, पण सांगत नाहीत. चारचौघांत विचारू नये. डॉक्टरांकडे आपणच घेऊन जायचं."

चहापान आता दर महिन्याला होतं आणि राज्यपाल बागेकडच्या दारानं येतात. पोलीसप्रमुखांनी नातवाचा शोध थांबवला आहे. ग्रंथपालबाईंच्या नातवाला चार दात आले. गुडघा दाखवायचा राहिला आहे.