मेश्राम मॅडमची कोरी बाजू

मी मोपेडवरून पडलो तेव्हा सगळ्यात आधी धावत आल्या त्या शेजारच्या मेश्राम मॅडम. गुडघा चांगलाच सोलवटला होता. शोभा, म्हणजे माझी बायको, पाणी आणायला आत पळाली. मॅडम माझ्यापाशी उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "कायच्यावर पडले भाऊ? डांबर का मुरूम?"

"मुरूम."

"बरं झालं. मुरमाची जखम माह्यापाशी एकबी नव्हती."

मॅडम यवतमाळच्या एका फार्मसी कॉलेजात शिकवायच्या. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उगवणारी कंबरमोडी आपण जखमेवर चोळतो ना, तिचा रस आणि कोरफडीचा गर यांचं त्या जेल बनवत. मलम म्हटलेलं त्यांना खपत नसे. "जेल म्हणा." त्यामुळे आमच्या गल्लीत नव्यानं राहायला आलेल्या हवालदाराचा काही दिवस समज होता, की या बाई तुरुंगात नोकरीला आहेत.

तर त्यांनी माझ्या गुडघ्यावर पारदर्शक कागद ठेवून जखमेचा नकाशा काढला. तो आलेखाच्या कागदावर ठेवून चौकोन मोजले. मग वरच्या अर्ध्या जखमेला हिरवट जेल लावलं आणि डबी बंद केली.

"आणि खालचा अर्धा भाग?" मी विचारलं.

"थे कोरी बाजू. तिले नुसतं पाण्यानं धुवाचं. नाहीतर जेलनं बरं झालं का आपोआप, हे कसं समजन? पुरावा पाह्यजे ना."

पुरावा हा त्यांचा लाडका शब्द. भाजीवाला वांगी ताजी म्हणाला, की "पुरावा?" शोभा म्हणाली, मॅडम तुम्ही बारीक झालात, की "पुरावा?" मग स्वतःच काटा आणून वजन बघायच्या आणि शोभाला खोटं पाडायच्या.

रोज संध्याकाळी सहाला त्या कागद घेऊन हजर. शोभा चहा ठेवायची, मी पायजमा गुडघ्यावर घ्यायचो. बाराव्या दिवशी दोन्ही बाजू एकदमच बऱ्या झाल्या. मॅडम माझ्यावर तीन दिवस नाराज होत्या. "तुमचं कातडंच आगाऊ आहे भाऊ. सगळा तक्ता बिघडवला."

हळूहळू गल्लीतले लोक आपापल्या जखमा लपवू लागले. दूधवाला भाजलेलं बोट खिशात घालून दूध मापायचा. मॅडमना ते बरोबर कळायचं.

ती वर्षं कापसाची फार वाईट होती. भाव पडलेले, पीक हाती येत नव्हतं. बाहेरगावचे पत्रकार गाड्या भरभरून जिल्ह्यात यायचे, शेतमालकाला प्रश्न विचारायचे, फोटो काढून जायचे. वेचणाऱ्या बायांच्या बोटांकडे कोणी पाहत नव्हतं. सुकलेल्या बोंडाची टोकं सुयांसारखी बोचतात, कापूस महाग असो की स्वस्त. मॅडमच्या ते डोक्यात बसलं. त्यांनी वीस डब्या भरल्या, मला वही धरायला सोबत घेतलं आणि एका रविवारी आम्ही एसटीनं राळेगावकडे, त्यांच्या मामेबहिणीच्या गावी गेलो.

दुपारी बाया बाभळीखाली भाकर खायला बसल्या तेव्हा मॅडमनी काम सुरू केलं. उजव्या हाताला जेल, डावा हात कोरा. पहिलीच होती गिरजाबाई, साठीच्या पुढची. तिची बोटं पेरापेराला फाटली होती. तिनं उजवा हात लावून घेतला आणि डावा पुढे केला.

"याले नाही लावाचं, बाई," मॅडम म्हणाल्या. "हा कोरा ठेवाचा. कोणता आधी बरा होते थे पाह्याचं हाये."

गिरजाबाईनं दोन्ही हात समोर धरून पाहिले. "वेचा तं दोन्ही हातानं लागते," ती म्हणाली. तक्रार म्हणून नाही, मॅडमना माहीत नसेल म्हणून सांगितल्यासारखं.

मॅडमनी डबी पुन्हा उघडली. मग त्यांनी तिचा डावा हात आपल्या मांडीवर घेतला आणि बोट न् बोट जेल लावलं. तिच्यानंतर सगळ्यांच्याच दोन्ही हातांना.

"मॅडम, कोरी बाजू?" मी वही उघडी धरून विचारलं.

"काही लिहू नका," त्या म्हणाल्या आणि जेलनं भरायला लागली म्हणून कुर्त्याची बाही कोपरापर्यंत सारली.

मनगटापासून कोपरापर्यंत त्यांच्या हातावर चौकोनी डाग होते. रांगेनं, एकसारखे, काही जुने, काही अजून लाल. इतकी वर्षं शेजारी राहून मी ते कधी पाहिले नव्हते.

गिरजाबाईनं त्यांचं मनगट धरलं. "हे काय झालं वं?"

"नवं जेल आधी स्वतःवर लावून पाहा लागते. कोणाले आग नाही झाली पाह्यजे."

"आन् तुले कोण लावून देते?"

"कोण लावन? मीच लावते. घरी एकटीच तं असते मी."

"आण इकडं."

गिरजाबाईनं डबीत बोटं घातली आणि मॅडमच्या हातावर जेल चोळू लागली. सावकाश, एकेका डागावर. इतर बाया भाकर खात होत्या. मॅडमनी तोंड शेताकडे फिरवलं होतं.

परतीच्या एसटीत मॅडम खिडकीशी बसल्या होत्या. मी वही पिशवीत घातली, तेव्हा म्हणाल्या, "लय खरखरीत हात होता हो तिचा."

बाही त्यांनी तशीच वर ठेवली होती. खिडकीतून वारा येत होता, तरी यवतमाळ येईपर्यंत त्यांनी ती खाली केली नाही.