सातव्या म्हशीची सत्यप्रत

माणिकरावांच्या घरात लोखंडी कपाट एकच होतं आणि त्यावर नवराबायको दोघांचाही डोळा होता. गेली बावीस वर्षं माणिकरावांनी त्यात अकरा शिळाछाप चित्रं आडवी घालून ठेवली होती. केशरबाईंच्या साड्या तोवर पलंगाखाली पत्र्याच्या पेटीत होत्या, आणि पेटीला उंदरांनी मागून वाट केली होती.

माणिकराव अंबाजोगाईच्या एका शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले होते. चित्रकलेचा तास म्हणजे गणिताच्या मास्तरांना हक्कानं उचलता येणारा तास. त्यामुळे उभ्या नोकरीत त्यांना कुणी फारसं मोजलं नाही. ती अकरा चित्रं हीच त्यांची खरी कमाई होती आणि त्यांतलं पाण्यात बसलेल्या म्हशीचं चित्र तर त्यांना जिवापलीकडे प्यारं होतं. खालच्या कोऱ्या समासात शिसपेन्सिलीनं एका बड्या चित्रकाराची सही होती आणि डाव्या कोपऱ्यात आकडा होता, ७/२५.

"दगडावर चित्रकार सोताच्या हातानं तेलकट खडूनं चित्र काढतो," माणिकराव बायकोला दर दिवाळीला समजावत. "मग दगडावर पानी फिरवायचं, शाई फिरवायची, कागद दाबायचा. पंचवीस कागद निघाले की दगड घासून साफ. पंचवीसच्या पंचवीस ओरिजनल."

"मंजी ओरिजनल पुसलं अन् झेरॉक्सा ठिवल्या."

"झेरॉक्स न्हाई ती. ही पंचवीसातली सातवी हाय."

"मंग पहिली कुनाकडं हाय?"

इथे माणिकराव दरवर्षी फराळाचं ताट पुढे ओढत.

यंदा मात्र पुण्याहून फोन आला. लोकांच्या घरी सांभाळलेल्या शिळाछाप चित्रांचं एका कलासंग्रहालयात प्रदर्शन भरणार होतं आणि पौर्णिमा नावाच्या तिथल्या अधिकारी रविवारी म्हैस बघायला येणार होत्या. फोन केशरबाईंनीही कान देऊन ऐकला.

"चित्र मूळ आहे ना सर?" पौर्णिमाबाईंनी दोनदा विचारलं.

"शंभर टक्के," माणिकराव म्हणाले.

फोन ठेवल्यावर केशरबाईंनी अट घातली. "त्या बाईनं म्हैस पुन्याला नेली तर कपाट जलमभर तुमचं. न्हाई नेली तर सोमवारी माझ्या साड्या आत अन् तुमची चित्रं माळ्यावर."

माणिकरावांनी ताबडतोब कबूल केलं. हरण्याचा प्रश्नच नव्हता.

शनिवारी सकाळी म्हैस टेबलावर काढून ठेवून ते फरसाण आणि पेढे आणायला बाजारात गेले. तेवढ्यात केशरबाईंचा धाकटा भाऊ प्रविण आला. प्रविण गुरांचा सरकारी डॉक्टर, म्हणजे राजपत्रित अधिकारी. एकेकाळी निम्मा तालुका दाखल्यांच्या प्रती घेऊन त्याच्या दारात उभा असे. पण स्वतःच स्वतःच्या कागदावर सही करायची सोय सरकारनं केली आणि त्याच्या गोल शिक्क्याला काम उरलं नाही. तरी तो गोल शिक्का, 'सत्यप्रत'चा ठसा, शाईचं पॅड आणि हिरव्या शाईचा पेन बॅगेत घेऊनच हिंडे.

"पुन्याची बाई मूळ प्रत मागायली," केशरबाईंनी त्याला सांगितलं. "अन् दाजीकडं तर सातवी हाय. मूळ दगडावर व्हती म्हनं, ती घासून टाकली."

प्रविणनं चित्र निरखून पाहिलं. "म्हैस गाभण हाय," तो आधी म्हणाला. मग त्याचा चेहरा गंभीर झाला. "अक्का, मूळ गहाळ आसंल तर प्रतीवर शिक्का लागतो. बिनशिक्क्याची प्रत कुठंच चालत न्हाई. खरं तर मूळ बघितल्याबिगर मी सही करत नसतो. पन दाजीच्या अब्रूचा प्रश्न हाय."

त्यानं कोरी जागा शोधली. ती नेमकी डाव्या कडेला, आकड्याच्या लगतच होती. तिथे त्यानं जांभळा 'सत्यप्रत' ठसा उमटवला, त्याखाली पशुवैद्यकीय दवाखान्याचा गोल शिक्का मारला आणि हिरव्या शाईत तारखेसकट झोकदार सही केली. बऱ्याच दिवसांनी शिक्का इतका स्वच्छ उठला म्हणून तो स्वतःवरच खूश झाला.

माणिकराव परत आले, टेबलाशी गेले आणि पेढ्यांचा पुडा हातात धरून तसेच खुर्चीत बसले.

"हे कुनी केलं?"

"मी," प्रविण म्हणाला. "आभार मानू नका दाजी, घरचंच काम हाय."

माणिकरावांना रडू आलं. मेहुण्यासमोर रडणं बरं दिसत नाही म्हणून ते आत गेले आणि खोडरबर घेऊन आले. रबरानं शिक्का तसूभर हलला नाही. उलट हाताच्या फटकाऱ्यात डावीकडचा पेन्सिलीचा सात मात्र साफ निघून गेला. नुसतं /२५ उरलं. घाम पुसत त्यांनी टू-बी पेन्सिलीला टोक केलं आणि आयुष्यात विद्यार्थ्यांना जे कधी करू दिलं नाही ते केलं, दुसऱ्याच्या आकड्याच्या जागी आपला आकडा गिरवला. मग पुठ्ठ्याची चौकट कापून म्हशीपुरती खिडकी ठेवली आणि सगळा समास झाकून टाकला.

रविवारी अकराला पौर्णिमाबाई आल्या. प्रविण इस्त्रीचा शर्ट घालून आधीच येऊन बसला होता.

"चौकट काढता का सर? समास बघायचाय."

"आधी पोहे घ्या," माणिकराव म्हणाले.

पोहे झाले, चहा झाला. प्रवासाची, पुण्याच्या पाण्याची आणि बाईंच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी झाली. मग बाईंनी स्वतःच चौकट उचलली.

बाई बराच वेळ शिक्क्याकडे बघत राहिल्या.

"सत्यप्रत?"

"मी केलेली हाय," प्रविण अदबीनं म्हणाला. "कायबी अडचन आली तर साक्षीला येतो."

माणिकरावांनी डोळे मिटले. बाईंनी पर्समधून भिंग काढलं आणि म्हशीच्या पाठीवर धरलं, मग शिंगावर, मग पाण्यावर. मग भिंग त्यांनी माणिकरावांच्या हातात दिलं.

माणिकरावांनी पाहिलं. खडूचा ओबडधोबड कण कुठंच दिसेना. म्हशीच्या अंगभर बारीक बारीक ठिपके ओळीनं बसले होते, वर्तमानपत्रातल्या फोटोत असतात तसे. ठिपके म्हणजे छापखान्यातली नक्कल, हे त्यांनी नववीच्या किती तुकड्यांना सांगितलं होतं. घरच्या म्हशीला भिंग लावायचं मात्र त्यांच्या कधी मनात आलं नव्हतं.

"कुणीतरी साध्या छपाईवर पेन्सिलीनं सही करून विकलंय सर," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "सहीचं वळणही त्या चित्रकाराचं नाही. आणि हा सात तर कालचाच दिसतोय."

माणिकरावांनी मान खाली घातली.

"या कागदावर खरी वस्तू एकच आहे," बाईंनी शिक्क्यावर बोट ठेवलं. "हाताने उमटवलेला, खाली सही, तारीख. आणि मजकूरही खरा. ही प्रतच आहे."

प्रविणनं कॉलर नीट केली.

केशरबाई जिंकल्या होत्या, पण नवऱ्याचा चेहरा पाहून त्यांना कपाटाचं नाव काढवेना. पोह्यांच्या बशा गोळा करून त्या उठणार, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "सर, तुमची हरकत नसेल तर मी हे नेते. खरं-खोटं कसं ओळखावं असा एक विभाग करतोय आम्ही. आपलं चित्र खोटं निघालं असं कबूल करायला कुणी तयारच होत नाही. आणि खोट्यावर सरकारी शिक्का असलेलं तर दुसरं मिळायचं नाही."

"मंजी पुन्याला न्हेनार तुमी?" केशरबाईंनी विचारलं.

"हो. काचेच्या पेटीत, दारातच ठेवीन."

माणिकरावांनी होकारार्थी मान हलवली. जाताना बाईंनी भिंग टेबलावरच ठेवलं. "हे राहू द्या सर तुमच्याकडे. बाकीची दहा तुम्हीच तपासा निवांत."

गाडी गेली. प्रविण उरलेले पेढे घेऊन गेला. केशरबाईंनी कपाटाची किल्ली कनवटीची काढून नवऱ्यापुढे ठेवली. शब्द म्हणजे शब्द.

"कपाट तुमचं," त्या म्हणाल्या. "आता ह्ये भिंग घ्या अन् ती दहा बघून टाका. मला बी बघू द्या, लई दिवसाचं ऐकायली."

माणिकरावांनी दहा चित्रं जिथल्या तिथं सारखी केली, दार लावलं आणि किल्ली दोनदा फिरवली.

"आज नको," ते म्हणाले. "उजेड कमी हाय."

बाहेर दुपारचे साडेबारा वाजले होते. केशरबाईंनी एकदा उन्हाकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे पाहिलं, आणि भिंग उचलून पलंगाखालच्या पेटीत साड्यांच्या अगदी तळाशी ठेवून दिलं.