खाट परत आली

जागृतीने चहाचा कप तोंडाला लावला, सहज फोनकडे पाहिलं आणि कप तसाच खाली ठेवला. संस्थेच्या ऑनलाइन फलकावर कृष्णाबाईंच्या खाटेचं कार्ड 'घरी दिलेले' या रकान्यातून 'परत आले' या रकान्यात सरकलं होतं.

आता यात दचकण्यासारखं काय, असं परक्याला वाटेल. उरणजवळची ही छोटी संस्था आजारी माणसांना लागणाऱ्या वस्तू फुकट वापरायला देते. कुबड्या परत आल्या की माणूस चालायला लागला, वाफेचं यंत्र परत आलं की खोकला थांबला. पण उशाकडून वर उचलता येणारी ती लोखंडी खाट आजवर एकाच कारणाने परत आली होती. म्हणून खाट परत आली की सगळ्यांनी मिळून त्या घरी जायचं, ही संस्थेची जुनी रीत होती.

"भावपूर्ण श्रद्धांजली," असं टेम्पोवाल्या हितेशने कार्डाखाली लिहिलं. कार्ड आधी सरके, खाट तो नंतर जाऊन आणी. त्यापाठोपाठ हात जोडलेल्या चित्रांची रांगच लागली.

फलक ही जागृतीचीच हौस. "आता दारोदार हेलपाटे नकोत, सगळं फोनवर दिसेल," असं तिने बैठकीत ठासून सांगितलं होतं. "दिसंल गो. पन कळंल का?" असं अध्यक्ष धर्माजी कुरकुरले होते, पण म्हाताऱ्यांचं कोण ऐकतं? रुग्णाच्या घरच्यांनाही तिने फलक वापरायची मुभा दिली. कृष्णाबाईंची सून शिवानी रोज सकाळी कार्डावर हिरवा ठिपका लावी. हिरवा म्हणजे तब्येत बरी. ठिपका बघितला की जागृती निश्चिंत होई.

पूर्वी ती दर रविवारी जायची. संस्था सुरू झाली तीच मुळी कृष्णाबाईंच्या पडवीत. म्हातारी खुब्याचं हाड मोडून पडली तेव्हा खाट नेऊन लावली तीही जागृतीनेच. दर रविवारी म्हातारीच्या हातची नाही तरी तिच्या देखरेखीखालची भाकरी आणि सुकटीची चटणी ठरलेली असे. फलक आला आणि रविवार मोकळा झाला. त्या मोकळ्या रविवारांत आपण नक्की काय केलं, ते काही केल्या तिला आठवेना. तिला स्वतःची लाज वाटली.

फोन करून खात्री करायची म्हटलं तर मयताच्या घरी "खरं का हो?" असं कोणत्या तोंडाने विचारायचं?

तोवर हिशेब बघणाऱ्या विनिताने सामायिक कॅलेंडरात 'शोकसभा, आज, अंगणात' अशी नोंद टाकली. सगळ्यांच्या खिशात एकदम घंटी वाजली. धर्माजींच्या भाषणासाठी तिने एक ऑनलाइन कागदही उघडला, म्हणजे चारचौघांनी मिळून लिहावं. धर्माजींनी लिहिलं, 'कृष्णाबाई करारी होत्या.' कोणीतरी 'करारी' पुसून 'प्रेमळ' केलं. धर्माजींनी ते पुसून पुन्हा 'करारी' केलं. त्यांच्या डोळ्यांदेखत ते पुन्हा 'प्रेमळ' झालं.

"कोन हाय त्यो? माझ्या भाषनात हात कोन घालतंय?" धर्माजी फोनवर ओरडले.

"काका, सगळ्यांनी मिळून लिहायचं असतं," जागृती डोळे पुसत म्हणाली.

"मंग समद्यांनी मिळून बोला. मी गप बसतो!"

शेवटी 'करारी पण प्रेमळ' यावर तह झाला. हितेशचा टेम्पो निघाला तेव्हा त्यात भाड्याच्या खुर्च्या, निशिगंधाचा भलामोठा हार आणि माना खाली घातलेली अख्खी कार्यकारिणी होती.

टेम्पो अंगणाशी थांबला. ओट्यावर वॉकर शेजारी ठेवून कृष्णाबाई सुकट निवडत बसल्या होत्या.

"आलाव? बसा," त्या म्हणाल्या. "खुर्च्या बी आनल्याव? बेस केलं. आमच्याकडं दोनच हायेत."

जागृतीला आधी रडू आलं, राग आला तो मग.

"हार कोनाला रं?"

"तुम्हालाच आजी," हितेश म्हणाला, आणि हे शंभर टक्के खरं असल्यामुळे त्याला कोणी दोष देऊ शकलं नाही. हार गळ्यात पडला. धर्माजींच्या हातातला कागद लपता लपेना.

"वाच की. माझ्यावरच हाय ना?"

धर्माजींनी प्रत्येक 'होत्या'चं 'आहेत' करत, घाम पुसत भाषण वाचलं. कृष्णाबाईंनी डोळे मिटून ऐकलं.

"करारी कोनी लिवलं?"

धर्माजी अंगणातल्या शेवग्याकडे बघू लागले.

जागृती शिवानीकडे वळली. "कार्ड कोणी सरकवलं गं?"

"मीच, ताई. आईंनी सांगितलं, हे तिकडं कर म्हणून. मला वाटलं, खाट पुसायला-बिसायला नेणार असाल."

"आजी! अहो, माझा जीव गेला असता!"

"मंग? ही रोज तुझा तो हिरवा ठिपका लावते. ठिपका बगून कोन येतंय का? खाट गेली का मातर समदे येता, त्ये मना ठावं हाय. माझ्या पडवीतली रीत ती, मना न्हाय ठावं?" म्हातारीने सुकटीतला खडा वेचून बाहेर फेकला. "पन मी गेल्यावर येऊन काय उपेग गो? च्या कोन पाजील तुमाला?"

जागृती आत गेली. खाट जागच्या जागी होती. उशाकडची बाजू पार वर उचललेली होती. तिथे टेकून बसलं की खिडकीतून रस्ता थेट वळणापर्यंत दिसत होता. एवढे रविवार म्हातारी हाच रस्ता बघत बसली असणार.

चहा झाला, भाकऱ्या झाल्या. निघताना जागृतीने फोन काढून कार्ड पुन्हा 'घरी दिलेले'मध्ये आणून ठेवलं.

"केलंस परत?" कृष्णाबाईंनी वाकून बघितलं.

"केलं, आजी."

"बरं झालं. शिवानी, बोट कुठं ठेवायचं नि कुठवर वढायचं, त्ये मना नीट दाखवून ठेव." गळ्यातला हार सारखा करत त्या म्हणाल्या, "येत्या ऐतवारी ही आली न्हाय, तर मीच सरकवीन."