शाळेच्या नळाचे प्रमुख पाहुणे

मुलांनो, नीट बसा. मोबाइल खाली ठेवा. आजोबा, तुम्हीसुद्धा.

एका जंगलात एक शाळा होती. हे जंगल आपल्यापासून फार लांब आहे, तेव्हा कोणी उगाच अंगाला लावून घेऊ नये.

शाळेला नळ होता. डोंगरावरच्या झऱ्यापासून नळापर्यंत पाइप होता. सिंहमहाराजांनी फीत कापली होती, नळासोबत फोटो काढला होता आणि योजना पूर्ण झाल्याचे जाहीरही केले होते. पाणी तेवढे यायचे राहिले होते.

मुले डबक्यातले पाणी पीत. त्याच डबक्यात रानम्हशी डुंबत. रोज कोणाचे तरी पोट बिघडे. भेकराची पहिलीतली मुलगी टिकली तर इतकी आजारी पडली की तिची आई शाळेत येऊन म्हणाली, "बाई, अक्षरं आली नाहीत तरी चालतील, पोर जगली पाहिजे. आता नाही पाठवत." मग सशांनीही पोरे काढून घेतली. शाळा बंद पडायची वेळ आली. मुख्याध्यापिका सायाळबाई खमक्या होत्या, पण रिकामे बाक बघून त्यांनाही रडू आले.

डोळे पुसून बाई थेट डोंगरावर गेल्या. तिथे अस्वलराव व्हॉल्व्हपाशी बसून होते.

"अहो, शाळेला पाणी का सोडत नाही तुम्ही?"

"वरून नियम आहे बाई. शाळेत पाहुणे असतील तेव्हाच सोडायचं. पाहुणे गेले की बंद."

"आणि मुलांसाठी?"

"मुलं कुठं पाहुणी आहेत? ती तर रोजचीच."

अस्वलराव तसे वाईट नव्हते. नोकरीला होते, एवढेच.

बाई खाली आल्या आणि त्यांनी मोराला प्रमुख पाहुणे म्हणून बोलावले. मोर आला, तसे नळाला पाणी आले. शाल झाली, श्रीफळ झाले, भाषण सुरू झाले. पाणी आल्याचे कळताच टिकलीच्या आईने टिकलीला धाडले. एकीकडे भाषण चालू आणि दुसरीकडे मुले मागच्या मागे नळावर. पण मोराला अजून दोन सत्कार उरकायचे होते. तो तडक निघाला आणि नळाने फुस्स केले. टिकलीची बाटली अर्धीच भरली होती.

मग घुबड आले, कोल्हा आला. शेवटी गाढवालाही शाल घातली. गाढवसुद्धा घाईत होते. मोठ्या पाहुण्यांचे असेच असते, येतात उशिरा आणि जातात लवकर. पुढे पुढे तर बोलावण्यासारखे कोणी उरलेच नाही.

अशात एका सकाळी फाटकातून एक म्हातारे कासव आत आले. त्यांना सगळे तात्या म्हणत.

"उशीर नाही ना झाला?" तात्यांनी विचारले.

"कशाला?"

"स्नेहसंमेलनाला. बोलावणं होतं मला."

बोलावणे होते हे खरे, पण गेल्या वर्षीच्या संमेलनाचे. तेव्हाच निघाले होते बिचारे.

सायाळबाईंच्या अंगावरचे काटे आनंदाने उभे राहिले. "अगदी वेळेवर आलात तात्या. या, बसा."

सत्कार झाला. तात्यांनी छोटेसेच भाषण केले, कारण आजवर ते कुठे वेळेवर पोचलेच नव्हते आणि भाषणाची सवय नव्हती. मग हात जोडून "बरं, येतो" म्हणाले.

वरून अस्वलरावांनी हाक दिली, "गेले का पाहुणे?"

"निघालेत," बाई म्हणाल्या.

आणि ते खरेच निघाले होते. संध्याकाळपर्यंत ते व्यासपीठाच्या पायऱ्या उतरत होते. दुसऱ्या दिवशी पटांगणात आले. पाणी चालूच राहिले. मुले पोटभर प्यायली, डबा खाण्याआधी हात धुऊ लागली, काहींनी तर हौसेने कानसुद्धा धुतले. कोणाचे पोट दुखेना. सशांची पोरे परत आली. टिकली अंगाने भरली.

पण पटांगण काही फार मोठे नव्हते. एके दिवशी तात्या फाटकापाशी पोचले आणि त्यांनी एक पाय बाहेर टाकला. डोंगरावर अस्वलरावांनी व्हॉल्व्हवर पंजा ठेवला. बाईंनी डोळे मिटून घेतले, त्यांना बघवेना.

टिकली धावत फाटकाशी गेली. "तात्या, परत कधी येणार?"

तात्या थांबले. असे त्यांना जन्मात कोणी विचारले नव्हते. त्यांना गहिवरून आले. पाठमोरे उत्तर देणे बरे दिसत नाही, म्हणून ते वळू लागले. वळण्यातच दुपार गेली. वळून झाल्यावर ते म्हणाले, "असं दारात उभ्या उभ्या काय सांगायचं? आत बसून सांगतो." आणि त्यांनी परत शाळेची वाट धरली.

"गेले का हो?" अस्वलरावांनी विचारले.

"दारातून परत आलेत. चहा घेऊन जातो म्हणतात."

अस्वलरावांनी पंजा काढला. त्यांच्या घरचे पाहुणेही असेच जात.

टिकली आता चौथीत आहे. तात्यांचा चहा अजून व्हायचा आहे.

एका शाळेला रोज स्वच्छ पाणी मिळते ही बातमी सिंहमहाराजांच्या कानावर गेली. त्यांनी समिती नेमली. समितीने बराच अभ्यास करून कारण शोधले: कासव. महाराजांनी लगेच जंगलातल्या प्रत्येक शाळेला एकेक कासव मंजूर केले. व्हॉल्व्ह उघडाच ठेवावा, हे काही कोणाला सुचले नाही.

मंजूर झालेली कासवे राजधानीतून निघाली आहेत. लवकरच पोचतील असे कळते.

तात्पर्य: मुलांनो, शाळेत रोज जाऊ नये. रोज येणाऱ्याला कोणी पाणीसुद्धा विचारत नाही. कधीतरी जावे, शाल घेऊन बसावे, आणि एकदा "येतो" म्हटले की मुळीच घाई करू नये.