आईला जुन्या काळात बत्तीस गुण

जुना काळ नुसता जुना असून भागत नाही, तो नीट जुना असावा लागतो. ही गोष्ट कोरियातल्या इंचॉनमधल्या आमच्या मुलींच्या शाळेला यंदा उन्हाळी सुट्टीनंतर कळली, आणि तेव्हापासून शाळेची प्रगती थांबवणं कुणाच्याही हातात राहिलेलं नाही.

निमित्त झालं 'रोलर शनिवार' या गाण्याचं. 'पीच कॅसेट' या पाच जणींच्या गटाचं हे नवं इलेक्ट्रोपॉप गाणं एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी साल जसंच्या तसं उभं करतं. असं त्याच्या जाहिरातीतच लिहिलंय, त्यामुळे शंकेला जागा नाही. तीन मिनिटं दोन सेकंदांत कॅसेट अडकल्याचा आवाज अकरा वेळा येतो. (आमच्यापैकी कुणीही अडकलेली कॅसेट ऐकलेली नाही, तरी दर वेळी डोळे भरून येतात.) गटातली सर्वांत थोरली मुलगी दोन हजार चारची आहे. अठ्ठ्याऐंशीची तिला फार आठवण येते, असं तिने मुलाखतीत सांगितलं.

आमच्या नृत्यमंडळाने ऑक्टोबरच्या महोत्सवासाठी हेच गाणं निवडलं आणि सेंटरची, म्हणजे अगदी मधली, जागा मिळाली मला. हो, मला. गेल्या वर्षी मी शेवटच्या रांगेत, पडद्याआड अर्धी होते. (उरलेल्या अर्ध्या भागाने दोन चुका केल्या.)

अडचण एकच. मंडळाच्या अध्यक्ष, अकरावीतल्या बो-ग्यंग ताई, फार काटेकोर. त्यांनी एक अस्सलता समिती नेमली. सेंटरच्या मुलीने पन्नाशी उलटलेला एक साक्षीदार आणायचा, त्याने त्या काळाची तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षा द्यायची. साठ गुण मिळाले तर ठीक, नाहीतर मधली जागा दुसरीला. मी निश्चिंत होते. माझी आई अठ्ठ्याऐंशी साली सोळा वर्षांची होती आणि दर शनिवारी स्टेशनामागच्या रोलर रिंकवर स्केटिंग करत असायची. साक्षात पुरावा माझ्या घरी राहत होता आणि तोक्बोक्कीचं, म्हणजे लाल तिखट रश्श्यातल्या तांदळाच्या वड्यांचं, दुकान चालवत होता.

आईला शंभरपैकी बत्तीस गुण पडले.

समितीचा अहवाल मी वाचला. त्यात पक्षपात अजिबात नाही. चमकते पायमोजे? "नव्हते गं. घरी विणलेला स्वेटर आणि ट्रॅकपँट." शून्य. निऑन दिवे? "ट्यूबलाइट होत्या. त्यातली एक लुकलुकायची." लुकलुकण्याचा अर्धा गुण. रिंकला वास कसला यायचा? "मोज्यांचा." (हा प्रश्न समितीने नंतर रद्द केला.) प्रात्यक्षिकात तर कहरच झाला. गाण्यातली प्रसिद्ध गिरकी उजवीकडे आहे, आणि आई वळली डावीकडे.

"सगळे डावीकडेच वळायचे, बाळा," आई ताईंना म्हणाली. "उजवीकडे वळलीस की समोरच्याचे दात तुझ्या कपाळात."

"काकू, व्हिडिओत उजवीकडे आहे," ताई नम्रपणे म्हणाल्या.

(तांत्रिक खुलासा: शिकणाऱ्यांच्या सोयीसाठी तो व्हिडिओ आधीच आरशासारखा उलटा केलेला होता. ताईंनी खबरदारी म्हणून तो आणखी एकदा उलटा केला. म्हणजे मूळ पाच जणीसुद्धा डावीकडेच वळतात, समोरून बघताना ते आपल्याला उजवीकडे दिसतं. हे मला तिथेच उमगलं होतं. पण मी सेंटर होते, आणि सेंटरला असलं काही उमगत नसतं.)

नियमात एक फेरपरीक्षा होती, तिला तीन दिवस होते. शाळा सुटली की मी दुकानातच आईचा वर्ग घेऊ लागले.

"चमकते पायमोजे कुठल्या रंगाचे होते?"

"अगं, नव्हतेच..."

"आई."

"गुलाबी."

"आणि डाव्या पायात?"

"त्यातही गुलाबीच ना?"

"पिवळा. तुझंच तुला कसं आठवत नाही?"

कोपऱ्यात खात बसलेले हार्डवेअरवाले बाँग काका म्हणाले, "वहिनी, मीपण असायचो की तिथे. चमकते पायमोजे काही बघितले नाहीत बुवा." मी त्यांची बशी उचलून बाहेरच्या टेबलावर ठेवली. साक्षीदारांनी आपसात बोलू नये असा नियम आहे. (तो मी तेव्हाच केला.)

गिरकीने मात्र घाम काढला. आईची कंबर हट्टी. सदतीस वर्षांत एकदाही न फिरता ती डावी बाजू विसरली नव्हती. शेवटी मी आईच्या उजव्या हातात रश्श्याची पळी दिली आणि पळीला धरून ओढलं. तिसऱ्या संध्याकाळी ती एकटीने उजवीकडे वळली. फ्रीज लाल झाला. मी तिला कडकडून मिठी मारली.

फेरपरीक्षेत एक्क्याण्णव.

महोत्सवात आम्ही आठही जणी उजवीकडे वळलो, मी सगळ्यांत पुढे, आणि टाळ्या थांबेनात. मग आईला मंचावर बोलावून 'अस्सल साक्षीदार' लिहिलेला झगमगीत पट्टा तिच्या खांद्यावरून घातला. माइकवर ती निऑन दिव्यांबद्दल इतकं सुरेख बोलली की तिच्याच वयाच्या मुख्याध्यापकांना रडू आलं, आणि त्यांनाही ते दिवे आठवले.

बसने घरी येताना मी सहज विचारलं, "आई, ती लुकलुकणारी ट्यूबलाइट कुठल्या कोपऱ्यात होती गं?"

"कुठली ट्यूबलाइट?" आई म्हणाली.

ती थट्टा करत नव्हती. पट्टा अजून खांद्यावर होता आणि चेहरा एकदम समाधानी. मला जरा कसंतरी झालं. पण ते दोनच स्टॉप टिकलं.

समितीचा व्याप आता वाढलाय. पुढच्या वर्षीसाठी दोन हजार दहा साल ठरलंय, त्याचं गाणं तयार होतंय आणि साक्षीदार हवे आहेत. त्या साली तुम्ही कुठे होता याने काही बिघडत नाही. आपल्याला सगळं लख्ख आठवतं, अशी तुमची खात्री असेल. आईचीही होती. तर शुक्रवारी दुपारी चारला शाळेच्या सभागृहात या. ओळखपत्र आणा. आठवणी घरून आणू नयेत, इथे मिळतील.