समाधानकारक भांडण

मालवणच्या परशुराम गावकराचा एकसष्ट साली रीतसर घटस्फोट झाला आणि त्यानंतर त्याचा संसार सुरळीत चालू लागला. तक्रारीला सुरुवात झाली ती इथून.

परशुराम किनारा-मोजणीच्या उपकचेरीत कारकून होता. भरती-ओहोटीमुळे किनारा रोज बदलत असल्याने मोजणी कधी संपत नसे, आणि म्हणून ही कचेरी कायम स्वरूपाची मानली जाई. त्याची बायको सुगंधा नर्सबाईचा कोर्स केलेली, चटपटीत. परशुराम सावकाश आणि अबोल. दोघांचं लग्न आठ वर्षं टिकलं. शेवटची चार वर्षं ती दोघं एकमेकांशी एक शब्दही बोलली नाहीत. त्या काळात आळीतल्या आयाबाया नव्या सुनांना त्यांचं घर दाखवत. "बघा गो, कसा शांत घर आसा ता. भांड्याक भांडा लागणा नाय."

मग एके दिवशी ट्रंक उचलून सुगंधा कुडाळच्या दवाखान्यात नोकरीवर रुजू झाली. वकील, तारखा, रत्नागिरीच्या फेऱ्या, कायद्याने वेगळं राहण्याची मुदत, सगळं यथासांग होऊन हुकूम झाला. मुलगी विमल बापाकडे राहील. शनिवार-रविवार आईकडे जाईल.

दर शनिवारी दुपारी सुगंधा कुडाळच्या एस.टी.ने मालवणच्या स्टँडवर उतरे आणि त्याच गाडीने विमलला घेऊन परत जाई. गाडी सुटेपर्यंतचा वेळ मोकळा असे. एकाच बाकावर बसायचं आणि मध्ये मूल, तेव्हा काहीतरी बोलणं भागच होतं. पहिल्या शनिवारी खोकल्याविषयी बोलणं झालं. दुसऱ्या शनिवारी उवांविषयी. पुढे सुगंधाने त्याला वेणी घालायला शिकवलं. परशुराम घरी काथ्याच्या सुंभावर सराव करी आणि शनिवारी विमलची वेणी तिच्यापुढे धरून विचारी, "बरी झाली मा?" सुगंधा म्हणे, "दोरखंड झालो आसा, पण सुटूचो नाय." आणि दोघं हसत. आठ वर्षांत जे जमलं नव्हतं ते कोर्टाच्या शिक्क्यानंतर जमू लागलं होतं.

हे हसणं पहिल्यांदा ऐकलं लवूने. लवूचं चहाचं हॉटेल स्टँडला लागूनच होतं. त्याच्या हातातली किटली तशीच राहिली. संध्याकाळपर्यंत बातमी बंदरापर्यंत गेली, की परशुराम गावकर आपल्या बायकोशी बोलतो.

"बायको नाय रे ती त्याची आता," कुणीतरी दुरुस्ती केली.

"ताच तर सांगतंय!" लवू म्हणाला.

गावाने आपल्या परीने कर्तव्य केलं होतं. शेजारच्या तुळसाकाकीने टाकलेल्या माणसाच्या घरी म्हणून बांगड्याचं तिखलं नेलं, तर परशुराम चुलीपुढे बसून स्वतः बांगडे तळत होता आणि विमल पाढे म्हणत होती. घर सारवलेलं होतं. काकीने दया करायला जागा शोधली, ती मिळाली नाही, तेव्हा तिखलं परत घेऊन गेली. शाळेत मास्तरांनी विमलला दाराजवळ बसवलं, म्हणजे रडू आलं तर वर्गाची गैरसोय न होता तिला बाहेर जाता यावं. विमल दारातून येणारा वारा खात बसे आणि गणितं सोडवी. सहामाहीला ती पहिली आली. मास्तरांनी मान हलवली. दुःख आत गेलं की असं होतं, म्हणाले.

अखेर कुणीतरी परशुरामच्या कचेरीत निनावी अर्ज केला. साहेबांनी त्याला बोलावून दार लोटून घेतलं.

"दर शनिवारी स्टँडवर आपण एका बाईंशी बोलता. सदर बाई आपल्या कोण?"

"माझी बायको होती, साहेब."

"होती ते सोडा. सध्या कोण?"

"सध्या... तशी कोणी नाही."

"म्हणजे सरकारी नोकर असताना, आपली कोणी नसलेल्या बाईबरोबर, उघड्यावर, आपण हसता."

"ती माझ्या मुलीची आई आहे, साहेब."

"मुलीची आई म्हणजे बायको. ती बायको नाही असं कोर्ट म्हणतं. आपण कोर्टाच्या वर आहात काय?" साहेब खुर्चीत रेलले. "हे पाहा गावकर, दोनच मार्ग आहेत. पुन्हा लग्न करा, म्हणजे बोलायची गरज उरणार नाही. किंवा घटस्फोट घेतलाय तर तो नीट पाळा."

"नीट म्हणजे?"

"भांडा. लोकांसमोर. नाहीतर मला आपली बदली डहाणूला करावी लागेल. तिथेही किनारा आहे."

डहाणू म्हणजे जिल्ह्याबाहेर, पार त्या टोकाला. तिथून शनिवारची गाडी कुडाळला कुठली येणार? विमलला आई वर्षातून एकदा, मे महिन्यात दिसली असती. परशुरामने विचारलं, "भांडू कशावरून, साहेब?"

साहेबांनी अर्ज फाईलीत ठेवला. "आपण लग्न केलं होतं ना?" एवढंच म्हणाले.

शनिवारी त्याने खालच्या आवाजात सुगंधाला सगळं सांगितलं. ती आधी पोट धरून हसली. डहाणूचं नाव ऐकल्यावर तिने विमलला जवळ ओढलं. "मगे भांड," ती म्हणाली. "सुरवात कर."

परशुराम उभा राहिला, धोतराचा सोगा सावरला आणि खाकरून म्हणाला, "सुगंधा, तू... तू काय बरी नाय."

लवूने हॉटेलातून मान बाहेर काढली आणि आत घेतली. विमलने बापाचा सदरा ओढला. "बाबा, हात वर कर. तुळसाकाकी काकांका कशी बोलता, तसा बोल."

पण माणूस शिकतो. महिन्या-दोन महिन्यांत भांडण चांगलं वठू लागलं. शिवाय दोघांना एक युक्ती सापडली. मुलीविषयी जे काही सांगायचं ते शिवीत घालून सांगता येत होतं.

"डोळे फुटले काय तुजे?" सुगंधा ओरडे. "चेडवाच्या ढोपराक लागलाहा ता दिसणा नाय? हळद लावूक हात झडले?"

"लावलंय हळद! आणि तुजी अक्कल खंय गेली? तेका रातचा दही दितस! खोकता मगे आठवडोभर!"

"बरा! नाय देवचंय!"

गाव खूश झालं. लवूने चार बाकं वाढवली. आचऱ्याहून, देवबागेहून माणसं शनिवारचा बाजार या निमित्ताने येऊ लागली. नवरा-बायको जोडीने येत, पण बाकाच्या दोन टोकांना बसत. ड्रायव्हर गाडी चालू करून थांबे आणि रंगात आलं असेल तर इंजिन बंद करी. विमल कुणा उतारूच्या ट्रंकेवर बसून दाणे खात हसे. रविवारी घरी आल्यावर ती बापाला सांगे, काल आईने तुला हरवलं.

मग श्रावणातला एक शनिवार आला. परशुरामचा आवाज लागला होता. दही, हळद, वेणी सगळं सांगून झालं होतं आणि गाडी सुटायला अवकाश होता. लवूने ओरडून फर्माईश केली, "परशा, आणखी येक!" आणि परशुरामच्या तोंडून न ठरवलेलं निघून गेलं.

"तू गेलंस त्या दिवशी ह्या चेडू उंबऱ्यार बसलेला. पेज खाल्ल्यान नाय. आई दुकानात गेली म्हणान सांगलंय मी तेका. तिनसांजेपर्यंत ता थंयच बसान होता!"

सुगंधाचा चेहरा उतरला. ती ओरडली नाही. "मी ट्रंक भरी होतंय तेव्हा तू खाटीर बसलेलंस," ती म्हणाली. "सगळी कापडा घडी घालून भरलंय. मुद्दाम हळू भरलंय. येकदा तरी थांब म्हणान सांगलंस?"

आणि विमल, जी आजवर एकदाही रडली नव्हती, ती दाण्यांचा पुडा हातात धरून मोठमोठ्याने रडू लागली.

"रडला!" तुळसाकाकी धावली. तिने मुलीला छातीशी घट्ट धरलं. "रडला गो बायो, रडला येकदाचा!" बायकांनी डोळ्यांना पदर लावले. पुरुषांनी टाळ्या वाजवल्या. त्या रात्री परशुरामच्या घरी चार घरची कालवणं आली आणि कोणीही परत नेलं नाही. सोमवारी मास्तरांनी विमलला दारातून उठवून मधल्या रांगेत बसवलं. साहेबांनी बदलीचा विचार रद्द केला आणि शेरा मारला, की सदर कर्मचाऱ्याचं वर्तन घटस्फोटित इसमास शोभेसं असून समाधानकारक आहे.

परशुराम मात्र आठवडाभर जेवला नाही. पुढच्या शनिवारी बाकं भरली, पण तो स्टँडवर थांबलाच नाही. सकाळच्याच गाडीत त्याने विमलला चढवलं आणि स्वतःही चढला. मुलीला कुडाळला पोचवून त्याच पावली परतायचं असं त्याने ठरवलं होतं. कसालच्या तिठ्यावर गाडी थांबली. समोरून कुडाळची गाडी येऊन थांबली होती, आणि तिच्यातून सुगंधा पाय मोकळे करायला उतरत होती. भांडण चुकवायला, मुलीला परस्पर घरून न्यायचं म्हणून तीही सकाळीच निघाली होती.

परशुराम विमलचा हात धरून खाली उतरला. तिची गाडी सुटण्याची घंटी झाली. ती वळली.

"थांब," परशुराम म्हणाला.

दोन्ही गाड्या निघून गेल्या. तिघं तिठ्यावरच्या एका हॉटेलापुढच्या फणसाखाली बसली. तो बोलला, ती बोलली, दोघांनी डोळे पुसले, मग विमलच्या वेणीवरून पुन्हा हसणंही झालं. लग्न काही त्यांनी पुन्हा केलं नाही; त्यांना बोलायचं होतं. तेव्हापासून शनिवार कसालला होऊ लागला आणि मालवणात लवूची चार बाकं रिकामी पडली.

कसालचा हॉटेलवाला भला माणूस होता. काही शनिवार पाहून त्याने चहा ठेवता ठेवता विचारलं, "भाव-भयण काय तुमी?"

"नाय," परशुराम चाचरला.

"नवरो-बायको नाय, ह्या माका पयल्याच दिवशी कळला," हॉटेलवाला समजुतीने म्हणाला. "इतक्या वेळ कोण बोलता?"

वाचकहो, ही गोष्ट वाचून तुम्हाला मालवणकरांचं हसू आलं असेल. तसं असेल तर पुस्तक मिटा, पलीकडच्या खोलीत जा आणि तिथे जे माणूस बसलं असेल त्याला ती सांगा. बोलायला सुरुवात कुठून करावी हे सुचलं नाही, तर मुळीच घाबरू नका. तुमच्याविरुद्ध कोणीही अर्ज करणार नाही.