कुशनवाल्याची श्रीमंती

गरीब असणं आणि गरीब ठरणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली आपोआप होते, तिला काही शिकावं लागत नाही. दुसरीसाठी अर्ज करावा लागतो, आणि तो मंजूर होईपर्यंत माणूस फक्त संशयित गरीब असतो.

आमचा कुशनवाला असा संशयित म्हणून बरीच वर्षं मजेत जगत होता. लोकांचे सोफे, खुर्च्या उसवायच्या, आतला दबलेला काथ्या काढायचा, नवा भरायचा आणि वर कापड ताणून शिवून द्यायचं, हा त्याचा धंदा. दुकान नव्हतं. एक खोली होती. तिच्या पुढच्या भागात गिऱ्हाइकांचं फर्निचर राहायचं आणि मागच्या भागात तो आणि त्याची बायको. काम वाढलं की फर्निचर मागे सरकायचं आणि नवरा-बायको भिंतीला चिकटायचे. या खोलीत खरे पाहुणे कोण, असा प्रश्न बायको अधूनमधून विचारायची.

मग तिच्या पोटात कळ यायला लागली. आधी तिनं दुर्लक्ष केलं, मग नवऱ्यावर राग काढला, आणि दोन्ही उपाय थकले तेव्हा ती सरकारी दवाखान्यात गेली. डॉक्टर म्हणाले, "पित्ताशयात खडे आहेत. ऑपरेशन करावं लागेल, आणि आता चालढकल नको. आत पू झाला तर जिवावर बेतेल. अल्प उत्पन्न आरोग्य कवचाचं कार्ड आहे ना? असेल तर उद्या या, फुकट होईल."

"कार्ड नाही," कुशनवाला म्हणाला.

"मग काढा की! तुमच्यासारख्यांसाठीच आहे ते," डॉक्टर म्हणाले. बिचारे फक्त डॉक्टर होते, त्यांना काय माहीत.

कचेरीतल्या खिडकीमागच्या बाईंनी अर्ज उलटसुलट करून पाहिला. "तुम्ही इथं लिहिलंय, 'मी गरीब आहे.' हे तुम्ही कशावरून म्हणता?"

"अनुभवावरून, मॅडम."

"स्वतःचा अनुभव चालत नाही. स्वतःच्या गरिबीबद्दल माणूस निःपक्षपाती नसतो. आमचे तपासनीस घरी येऊन प्रत्यक्ष पाहणी करतील."

तपासनीस येणार म्हटल्यावर बायकोनं दुखणं बाजूला ठेवलं आणि कंबर कसली. खोली झाडली, पुसली, जाळी काढली. शेजारच्या मावशींकडून कपबश्या आणल्या, कारण घरातल्या कपांना कान नव्हते. मग प्रश्न आला साहेबांना बसवायचं कशावर. घरचं म्हणावं असं एक पत्र्याचं स्टूल होतं, तेही डुगडुगणारं.

"साहेब पहिल्यांदाच घरी येतायत, अहो! त्यांना काय स्टुलावर बसवायचं? काय म्हणतील ते?"

"गरीब म्हणतील, आणि तेच तर आपल्याला हवंय!" हे उत्तर कुशनवाल्याला सुचलं, पण फार उशिरा. नवऱ्यांना उत्तरं नेहमी उशिराच सुचतात. त्या वेळी त्यानं मान डोलावली आणि बंगल्यातल्या काकांचा नुकताच मढवून झालेला निळा मखमली सोफा भिंतीपासून पुढे ओढला.

तपासनीस आले, सोफ्यावर बसले आणि हळूहळू आत रुतत गेले. त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की कुशनवाल्याचा ऊर भरून आला. कारागीरच तो, त्याला कौतुक कळतं. त्याला वाटलं, काम फत्ते.

"असा सोफा," तपासनीस डोळे मिटूनच म्हणाले, "माझ्या घरीसुद्धा नाही."

"गिऱ्हाइकाचा आहे, साहेब. स्प्रिंगा मी बसवल्यात."

"मालकी कोणाची हा वेगळा विभाग आहे. मी पाहणी विभागाचा. घरात जे दिसेल ते घरचं." त्यांनी मोठ्या कष्टानं डोळे उघडले आणि खोलीभर नजर फिरवली. "ती फिरती खुर्ची?"

"न्हाव्याची आहे. सीट फाटली होती."

तपासनिसांनी लिहिलं: घरात स्वतंत्र केशकर्तनाची सोय. "आणि त्या ओळीनं लावलेल्या चार खुर्च्या?"

"सिनेमाच्या थिएटरातल्या. फोम बदलायचाय."

होम थिएटर, चार आसनी. "आणि ते उंच टेबल, रेक्झिनचं?"

"पलीकडच्या डॉक्टरांचं. पेशंट झोपवायचं."

तपासनीस लिहायचे थांबले. "म्हणजे तपासणीची सोय घरातच आहे? मग तुम्हाला आरोग्य कवच हवंय कशाला?" आणि त्यांनी चहाचा घोट घेतला. "कपबश्या छान आहेत हो, वहिनी."

वहिनी लाजल्या. निकाल तिथंच लागला होता, पण तो पोहोचायला थोडा वेळ लागला. अर्जदार सधन असून विलासी राहणीमानाचा आहे, सबब अर्ज नामंजूर. सोबत एक सूचनाही होती, की इतकं वैभव असताना इतकं कमी उत्पन्न दाखवल्याबद्दल खुलासा करावा.

"अगं, आपण श्रीमंत झालो," कुशनवाला घरी येऊन म्हणाला.

"झालो ना? मग माझ्या पोटाला सांगा तसं, त्याला अजून कळलेलं दिसत नाही," बायको म्हणाली आणि उशी पोटाशी घट्ट धरून कुशीवर वळली.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा खिडकीशी. बाईंनी त्याचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. "वस्तू तुमच्या नाहीत ना? मग ज्यांच्या आहेत त्यांच्याकडून तसं लिहून आणा. सोपं आहे."

आणि ते खरंच सोपं निघालं. न्हाव्यानं गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावता लावता लिहून दिलं. थिएटरच्या मॅनेजरनं दिलं, वर एक फुकट तिकीटही देऊ केलं. पलीकडच्या डॉक्टरांनी दिलं, ते काही कोणाला वाचता आलं नाही, पण शिक्का ठळक होता. बाईंनी तिन्ही चिठ्ठ्या लावून घेतल्या.

"सोफ्याची?"

"आणतो, मॅडम. तिची तर काळजीच नाही. ते काका म्हणजे देवमाणूस आहेत."

"आणाच. बाकीच्या वस्तू साहेबांनी नुसत्या पाहिल्यात. सोफ्यावर ते बसलेत. तो प्रत्यक्ष अनुभवाचा पुरावा आहे, तो सहजासहजी खोडता येत नाही."

बंगल्यातले काका खरोखरच सज्जन. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. रस्त्यातले खड्डे, कचेऱ्यांतली लाचखोरी, तरुणांची घसरलेली नीतिमत्ता, यांवर वर्तमानपत्रांना पत्रं लिहिण्यात त्यांचा दिवस जायचा. कुशनवाला गेला तेव्हाही व्हरांड्यात बसून पत्रच चाललं होतं. त्यांनी सगळी हकिगत ऐकली आणि हातातलं पेन टेबलावर आपटलं.

"शरम आहे! माणूस मरायला टेकलाय आणि यांना सोफे दिसतायत! नाव सांग त्या तपासनिसाचं. उद्याच्या अंकात झोडतो त्याला. वहिनींना म्हणावं घाबरू नका, आम्ही आहोत."

"पत्र नको, काका. नुसती एक ओळ द्या. निळा सोफा माझा आहे, एवढंच."

काकांचं पेन टेबलावरच राहिलं. त्यांनी फाटकाकडे पाहिलं, घराच्या दाराकडे पाहिलं, आणि मग आवाज खाली आणला. "तेवढं सोडून काहीही माग."

"पण सोफा तुमचाच आहे ना?"

"आहे रे बाबा. पण कागदावर नाही. कागदावर मी निराधार वृद्ध. बंगला मुलाच्या नावावर, गाडी सुनेच्या, आणि मी आपला गॅरेजशेजारच्या खोलीत सतरंजीवर झोपतो. माझं कार्ड आहे."

"तुमचं? आणि पेन्शन?"

"पेन्शन म्हणजे काय उत्पन्न असतं का? केलेल्या नोकरीची ती आठवण. आणि मी कार्ड वापरतो कुठे? असलेलं बरं, म्हणून काढून ठेवलं. आता फेरतपासणी लागलीय, त्यामुळे घर जरा मोकळं दिसायला हवं."

कुशनवाल्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "म्हणून तुम्ही सोफा धाडलात! कापड चांगलं धड होतं. मी म्हटलंसुद्धा तुम्हाला, आणि तुम्ही म्हणालात, काढच, आणि घाई करू नकोस."

"मी एकटाच आहे होय? या हंगामात तुझ्याकडे एवढी कामं कशी येतात, याचा विचार केला होतास कधी?" काकांनी प्रेमानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "असं कर, सोफा आणखी थोडे दिवस तुझ्याकडेच असू दे. आणि काही लागलं तर संकोच करू नकोस हं."

घरी येऊन त्यानं बायकोला सगळं सांगितलं. तिला कळ येत होती तरी ती हसली. "म्हणजे सगळ्या गावाची श्रीमंती आपल्या खोलीत, आणि आपली गरिबी त्यांच्या खिशात. वा रे वाटणी!"

आता एकच मार्ग उरला होता. कुशनवाल्यानं हातगाडी आणली आणि खोली रिकामी केली. खुर्ची न्हाव्याकडे गेली, टेबल डॉक्टरांकडे. थिएटरच्या चार खुर्च्या परत गेल्या आणि त्यांच्याबरोबर मॅनेजरच्या हातापाया पडून काकांचा सोफाही तिथल्या कोठीत गेला. नवीन काम तो घेईना. कपबश्याही मावशींना परत दिल्या. मग फेरपाहणीचा अर्ज टाकला आणि खोलीच्या मधोमध ते पत्र्याचं स्टूल ठेवून दोघं वाट पाहत बसले.

तपासनीस आले. स्टुलावर बसले, डुगडुगले, उठले. चारी भिंती पाहून ते गंभीर झाले.

"धंदा कुठाय?"

"बंद ठेवलाय, साहेब."

"म्हणजे सध्याचं उत्पन्न?"

"काहीच नाही."

"अरेरे!" तपासनिसांना मनापासून वाईट वाटलं. "अहो, ही अल्प उत्पन्नवाल्यांची योजना आहे. अल्प उत्पन्न म्हणजे थोडं तरी उत्पन्न हवं. तुमचं तर शून्य. शून्याला आम्ही अल्प कसं म्हणणार? उद्या कोणीही उठेल आणि शून्य घेऊन येईल. शिवाय उत्पन्न शून्य असून तुम्ही दोघं जिवंत आहात, याचा अर्थ लपवलेलं उत्पन्न बरंच असणार. ते सापडेपर्यंत प्रकरण प्रलंबित." दारात थांबून ते हळहळले. "सोफा चांगला होता हो. विकायला नको होता."

त्याच दुपारी बायकोला अशी कळ आली की तिचा आवाजच बंद झाला. अंग तापलं, ओठ पांढरे पडले. एरवी प्रत्येक गोष्टीला उत्तर देणारी ती, आता नुसतं नवऱ्याचं मनगट धरून राहिली. ज्या हातगाडीवरून लोकांचे सोफे पोहोचवले, तिच्यावरच गोधडी अंथरून त्यानं तिला निजवलं आणि ढकलत दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "आत्ताच्या आत्ता ऑपरेशनला घ्यायला हवं. कार्ड मिळालं?"

"प्रलंबित आहे."

"असू दे. कार्डाचं मी नंतर बघतो, माझ्या नावावर लिहा. आधी हिला खाट हवी. वॉर्डात नर्सला विचारा." म्हटलं ना, ते फक्त डॉक्टर होते.

कुशनवाला अल्प उत्पन्न वॉर्डाच्या दारात धावत गेला आणि थबकला. त्याला गिऱ्हाइकांची नावं लक्षात राहत नाहीत, फर्निचर राहतं. दाराजवळच्या खाटेवर इंग्रजी एल आकाराचा सोफा होता, रक्तदाब तपासायला आलेला. त्याच्या शेजारी सागवानी दिवाण, सर्वांगतपासणीसाठी. खिडकीपाशी जेवणाच्या टेबलाच्या सहा खुर्च्या नवे दात बसवून घ्यायला दाखल झाल्या होत्या. आणि मधल्या खाटेवर खुद्द निळा मखमली सोफा, पाठीला उशी लावून वर्तमानपत्र वाचत होता.

"अरे, तू इथं?" काकांनी चष्मा काढला. हातगाडीबद्दल कळलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. "ऐकलंत का? केवढी ही अनास्था! गरिबाला या देशात कोणी वाली नाही!"

वॉर्डभर हळहळ पसरली. दिवाण म्हणाला, यंत्रणाच सडलीय. सहा खुर्च्या म्हणाल्या, लोकांना लाजच उरली नाही. खाटेवरून मात्र कोणी उठलं नाही.

"सिस्टर, ती कोपऱ्यातली खाट रिकामी आहे ना?" कुशनवाल्यानं हात जोडले. "तेवढी द्या हो. बाहेर बायको हातगाडीवर आहे."

"रिकामी दिसते, पण नावावर आहे," नर्स अवघडून म्हणाली. "कार्डवाले आहेत, तपासणीसाठी दाखल होणार आहेत. त्यांनी नको म्हटलं तर देते मी लगेच. आत्ताच फोन केला होता त्यांना."

"मग? काय म्हणाले?"

"खाट ठेवा म्हणाले. या कार्डाबद्दलचीच कुठलीशी गमतीदार गोष्ट वाचतायत, संपतच आलीय. एवढी शेवटची ओळ झाली की निघतात."